उरुग्वेचं संगीत: कुठून सुरुवात करू?

खुळखुळा
नमस्कार मंडळी.
परवा चे गेव्हाराच्या तरुणपणीच्या मोटारसायकल भटकंतीवरचा सिनेमा पाहिला. शेवटी नामावली सरकत असताना जे गाणं लागतं ते अजून डोक्यातून जात नाहीये. शोधाशोध केल्यावर कळलं की ते होर्हे द्रेक्सलेर नावाच्या बुवाचं, २००५ साली त्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि हा बुवा उरुग्वेचा. माझ्या लेखी आजवर उरुग्वे म्हणजे सुआरेस, फोर्लान आणि १९५० चा विश्वचषक. गाण्याचा विचारच कधी आला नव्हता.

तर जाणकारांनी वाट दाखवावी. लहानपणी तबला शिकलोय, पुढे सुटला. जाझ आणि जुनं रॉक ऐकतो. स्पॅनिश शून्य. कुठलाही प्रकार वर्ज्य नाही. फक्त शंभर नावांची यादी देऊ नका, ती कुठेही मिळते. काय ऐकू आणि त्यात कान कशाकडे द्यायचा, तेवढं सांगा.

बेसुरा
ला व्हेला प्वेर्का, तिकडचा रॉक बँड. ‘दे बिचोस इ फ्लोरेस’, २००१ चा अल्बम. आवाज मोठा कर. बाकीचं म्हातारपणी.

ओटीवरचा
टँगोपासून सुरुवात करा की. पण तो अर्जेंटिनाचा ना?

दक्षिणवारा
ओटीवरचे, हा प्रश्न उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेव्हिदेओत मोठ्याने विचारू नका, जेवणावरून उठवतील. जगातला सर्वांत जास्त वाजलेला टँगो ‘ला कुम्पार्सिता’, तो लिहिला हेरार्दो मातोस रोद्रिगेसने. मोंतेव्हिदेओत आर्किटेक्चर शिकणारा पोरगा होता तो, आणि मूळ चाल विद्यार्थ्यांच्या कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी होती. १९१७ साली रोबेर्तो फिर्पोच्या वाद्यवृंदाने ती ‘ला हिराल्दा’ कॅफेत पहिल्यांदा वाजवली. त्या कॅफेच्या जागेवर आता पालासिओ साल्व्हो ही टोलेजंग इमारत उभी आहे. १९९७ साली कायदा करून या टँगोला उरुग्वेचं सांस्कृतिक गीत ठरवलं. युनेस्कोने २००९ मध्ये टँगो सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला तेव्हाही अर्ज दोन्ही देशांनी मिळून केला होता. भांडण मात्र चालूच आहे.

टँगोत एकच नाव घ्यायचं तर हुलिओ सोसा. लास पिएद्रासचा माणूस, ब्वेनोस आयरेसमध्ये गाजला आणि १९६४ मध्ये मोटार अपघातात गेला. आवाज असा भारदस्त की शब्द न कळताही कुणीतरी आपली झाडाझडती घेतंय असं वाटतं.

पण खुळखुळाराव, तुम्ही टँगोपासून सुरू करू नका. द्रेक्सलेरही जरा बाजूला ठेवा. सविस्तर लिहितो, चहा घेऊन येतो.

दक्षिणवारा
हं. टीसीएसचं मोंतेव्हिदेओत २००२ पासून केंद्र आहे. त्या निमित्ताने बरीच मराठी मंडळी तिकडे जाऊन आली, त्यातला मी एक. ऑफिसात कोड आणि रविवारी रस्त्यावर ढोल, अशी माझी तिथली दिनचर्या होती.

तबला शिकलायत ना, मग थेट कांदोंबेपासून सुरू करा. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी जपलेलं हे वादन. बार्रिओ सुर आणि पालेर्मो या मोंतेव्हिदेओतल्या दोन शेजारच्या वस्त्या हे त्याचं घर. तिकडचं रॉक घ्या, जाझ घ्या, नाहीतर गिटारवरचं शांत गाणं घ्या, खाली कुठेतरी हा ठेका दडलेला असतोच. तो एकदा ओळखता आला की उरुग्वेचं अर्धं संगीत आपोआप उलगडतं. माझं तरी हेच ठाम मत आहे.

ढोल तीन. चिको सगळ्यात लहान आणि चढ्या सुराचा. पियानो सगळ्यात मोठा, खर्जातला (पेटीवाल्या पियानोशी याचं काही नातं नाही). मधला रेपिके, हा बडबड्या. पट्ट्याने खांद्याला अडकवायचे, एका हातात काठी, दुसरा हात मोकळा. वाजवायला निघण्याआधी रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवून ढोल तिच्याभोवती मांडतात, आपल्याकडे हलगी शेकतात तशीच कातडी तापवतात. मग चाळीस-पन्नास जण ओळी करून हळूहळू चालत निघतात.

आता कान कुठे द्यायचा. एका ठोक्याचे चार भाग पाडा. चिको पहिला भाग मोकळा सोडतो आणि पुढचे तीन वाजवतो. अखंड, न थकता. इथेच आपली गोची होते. आपला कान ऐकू आलेल्या पहिल्या आघाताला सम धरून बसतो आणि मग पियानो भलतीकडेच पडतोय असं वाटायला लागतं. उपाय असा: सुरुवातीला काठीने ढोलाच्या लाकडी अंगावर वाजवलेला कोरडा टकटकाट ऐकू येतो, त्याला मादेरा म्हणतात. तीन-दोन अशा गटात असतो तो. पाय त्याच्यावर ठेवा, चिकोच्या मागे धावू नका. थोड्या वेळाने चिको आपसूक जागेवर बसतो. मला बसायला बरेच रविवार लागले, तुमचा तबला झालाय म्हणजे लवकर जमेल.

ताशेकरी
वा! आम्ही पथकवाले, म्हणून विचारतो. पन्नास जणांत इशारा कोण देतं? आमच्यात ताशा देतो.

दक्षिणवारा
ताशेकरी दादा, तिथे तो मान रेपिकेचा. वेग वाढवायचा असला की रेपिकेवाला विशिष्ट बोल वाजवून हाक देतो आणि बाकीचे मागोमाग येतात. एरवी तो मोकळा फिरत असतो, मध्येच मादेरावर परत येतो. पियानोही नुसता खर्ज धरून बसत नाही, पियानोवाले एकमेकांना उत्तरं देतात. क्वारेइम, आन्सिना आणि गाबोतो अशी तीन घराणी म्हणा ना, रस्त्यांच्या नावांवरून पडलेली. जाणकार चार मिनिटं ऐकून वस्ती ओळखतो.

क्वारेइमवरून आठवलं. क्वारेइम रस्त्यावर १०८० क्रमांकाला ‘मेदिओमुंदो’ नावाची मोठी चाळ होती, मधोमध अंगण, भोवती बिऱ्हाडं. कांदोंबेचं माहेरच ते. लष्करी राजवटीने डिसेंबर १९७८ मध्ये ती मोडकळीला आली म्हणून रिकामी करवली आणि पाडली. माणसं शहराच्या कडेला फेकली गेली. ३ डिसेंबर हा दिवस २००६ च्या कायद्याने कांदोंबेचा राष्ट्रीय दिवस झाला, तो त्या चाळीतल्या शेवटच्या वादनाचा दिवस. आजही ‘क्वारेइम १०८०’ याच नावाचं पथक मिरवणुकीत उतरतं. ध्वनिमुद्रणांत नुसते ढोल ऐकायचे तर त्यांचेच ऐका.

सरगमताई
दक्षिणवारा, ढोलाबद्दल छान लिहिलंत, पण कार्निव्हलची दुसरी बाजू राहिली. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे माझा ओढा मुर्गाकडे. (हसू नका, नावच तसं आहे.)

मुर्गा म्हणजे पंधरा-सतरा जणांचा ताफा. चेहऱ्यावर रंगांचे थर, भडक पोशाख, सोबतीला फक्त मोठा ढोल, झांजा आणि एक पडघम. साधारण पाऊण तासाचा खेळ. त्यात वर्षभरातल्या राजकारणाची, फुटबॉलची, महागाईची यथेच्छ टिंगल. या टिंगलीच्या भागाला कुप्ले म्हणतात आणि शेवटच्या निरोपाच्या गाण्याला रेतिरादा. हसवून हसवून शेवटी डोळ्यात पाणी आणायचं, हा ठरलेला शिरस्ता. फेब्रुवारीभर वस्त्यावस्त्यांतल्या मांडवांत हे चालतं आणि अधिकृत स्पर्धा ‘तेआत्रो दे व्हेरानो’ या उघड्या नाट्यगृहात होते. कार्निव्हल जवळजवळ चाळीस दिवसांचा, जगात सगळ्यात लांब असं ते अभिमानाने सांगतात.

आवाज मुद्दाम नाकातून आणि घशातून काढलेला. पेपर विकणाऱ्या पोरांच्या आरोळीतून ही लकब आली म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की कर्कश वाटेल, पळू नका.

१९७३ ते १९८५ लष्करी राजवट होती. संहिता आधी सेन्सॉरकडे द्यावी लागे. मग शब्द सरळ लिहायचे, पण सूचित भलतंच करायचं, ही कला मुर्गावाल्यांनी इतकी घोटली की प्रेक्षक नुसत्या विरामावर टाळ्या पिटायचे. ‘फाल्ता इ रेस्तो’ हा ताफा १९८० मधला, त्याच काळातला. आत्ताच्यांमध्ये ‘आगार्राते कातालिना’ घ्या. २०११ मधला त्यांचा ‘ला व्हिओलेन्सिया’ हा कुप्ले शोधा. गुन्हेगारीकडे वळलेल्या पोराच्या तोंडी आहे, एकही विनोद नाही. अंगावर येतो.

दक्षिणवारा
ताई, सगळं मान्य, पण स्पॅनिश न येणाऱ्याला मुर्गा पहिल्या दिवशी देणं म्हणजे जुलूम. शब्द गेले की नव्वद टक्के गेला. मी तिथे राहूनही निम्मे टोमणे शेजाऱ्याला विचारून घ्यायचो, आणि तो सांगेपर्यंत पुढचा टोमणा निघून गेलेला असायचा.

सरगमताई
अजिबात नाही. म्हणून तर हाइमे रोस आहे! तो स्वतः मुर्गावाला नाही, गीतकार-गायक. बार्रिओ सुरमधल्या दुराझ्नो आणि कोन्व्हेन्सिओन या दोन रस्त्यांच्या चौकात वाढलेला, त्या चौकाच्या नावाचं त्याचं गाणंच आहे. मुर्गाचा कोरस उचलून त्याने बास आणि ड्रम्सच्या गाण्यात बसवला. ‘ब्रिंदिस पोर पिएरोत’ (१९८५) ऐका. त्यात मुख्य आवाज कानारियो लूनाचा, आयुष्यभर मुर्गात घासलेला गळा. जुन्या कार्निव्हलच्या गेलेल्या माणसांच्या नावाने पेला उचललाय. कोरस आत येतो त्या जागी शब्द कळायची गरज पडत नाही, पडली तर मला सांगा, मी शिकवणं सोडते.

आणि खुळखुळा फुटबॉलवाले आहेत, त्यांना ‘क्वांदो हुएगा उरुग्वाय’ द्या. रोसचंच. सामन्याच्या दिवशी तिकडे दुसरं काही वाजत नाही.

दक्षिणवारा
रोसवर तह मंजूर.

अर्धीचहा
जाझ ऐकणाऱ्याला कुणी अजून फात्तोरुसो बंधू कसे नाही दिले? उगो आणि ओस्वाल्दो. यांची गोष्टच मजेशीर. १९६४ मध्ये ‘लोस शेकर्स’ नावाचा बँड काढला, केस बीटल्ससारखे, इंग्रजीतून गाणी, ब्वेनोस आयरेसमध्ये पोरी किंचाळतायत. नुसती नक्कल म्हणून सोडून देऊ नका, १९६८ चा ‘ला कोन्फेरेन्सिया सेक्रेता देल तोतोस बार’ कुठल्याही देशातल्या त्या काळच्या रेकॉर्डशेजारी ठेवा. मग अमेरिकेत जाऊन ब्राझीलच्या आइर्तो मोरेराबरोबर वाजवलं आणि ‘ओपा’ हा त्रिकुटाचा बँड जमवला. ‘गोल्डनविंग्स’ १९७६, ‘मॅजिक टाइम’ १९७७. सिंथेसायझरच्या खाली कांदोंबे! दक्षिणवारा म्हणतात तो मोकळा पहिला भाग इथे कीबोर्डच्या डाव्या हातात सापडतो का बघा. उगोने पुढे ‘रेय ताम्बोर’ या ढोलवाल्यांबरोबर आणि तोमोहिरो याहिरो या जपानी तालवादकाबरोबर रेकॉर्डी केल्या. ऐंशीच्या घरातला माणूस आहे आता.

रुबेन रादाही याच गोतावळ्यातला. ‘तोतेम’ बँडचा १९७१ चा पहिला अल्बम, त्यातलं ‘बिआफ्रा’ आणि ‘देदोस’. गिटारीला धार, कोंगा सुसाट, आणि रादाचा गळा. पुढे तो लग्नाच्या वरातीत चालणारी गाणीही गायला, ती सोडलीत तरी चालेल.

बेसुरा
रादाची वरातीची गाणीच भारी आहेत. चुकीचा सल्ला देऊ नका पोराला.

दक्षिणवारा
अर्धीचहांनी वाट करून दिलीय तर एदुआर्दो मातेओबद्दल लिहितो. १९४० ते १९९०, एकोणपन्नास वर्षांचं आयुष्य. साठच्या दशकात रादा आणि तो ‘एल किंतो’ या बँडमध्ये होते. बीटल्सच्या धाटणीचं बीट संगीत, ब्राझीलचा बोसा नोव्हा आणि कांदोंबे यांचं मिश्रण पहिल्यांदा तिथे शिजलं.

१९७१ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एका स्टुडिओत त्याला एकट्याचा अल्बम करायला नेलं. हा यायचा, थोडं वाजवायचा, थांबायचा, पुन्हा तेच वेगळं वाजवायचा. एक दिवस बाहेर गेला तो परत आलाच नाही, सरळ मोंतेव्हिदेओ गाठलं. ध्वनिमुद्रक कार्लोस पीरिसकडे उरली अर्धवट टेपांची चळत. त्याने त्यातून निवडून, जोडून अल्बम उभा केला: ‘मातेओ सोलो बिएन से लामे’, १९७२. उरुग्वेतल्या वादकांना विचारा, दहातले आठ जण हाच सर्वोत्तम म्हणतील. गिटार, आवाज, थोडं तालवाद्य, बाकी काही नाही. ‘यूलेले’ लावा आणि उजव्या हाताच्या बोटांकडे लक्ष द्या. तो गिटारवर तीन ढोल वाजवतोय. खर्जाच्या तारेवर पियानो, वरच्या तारांवर चिको. चिको आधी कानात बसव म्हणून मी मागे लागलो ते यासाठी.

आयुष्याच्या शेवटी शेवटी तो रस्त्यावर पैसे मागत फिरायचा. आता त्याच्या नावाने मैफिली होतात.

ओटीवरचा
आमच्यासारख्या शांत ऐकणाऱ्यांसाठी काही?

सरगमताई
काका, तुमच्यासाठी आल्फ्रेदो सितार्रोसा. आधी रेडिओवर निवेदक होता, म्हणून उच्चार घोटीव. आवाज विहिरीतून यावा तसा खोल. सूट-टाय घालून, केस चापून बसवून गायचा, मागे तीन-चार गिटारी, त्यातली एक खर्जाची. मिलोंगा हा त्याचा प्रकार, गावाकडचा, संथ चालीचा. ‘एल व्हिओलीन दे बेचो’ घ्या. बेचो हा खरा व्हायोलिनवादक, कार्लोस हुलिओ एइस्मेंदी. नंतर ‘दोन्या सोलेदाद’. राजवटीने त्याची गाणी बंद केली, तो अर्जेंटिना, स्पेन, मेक्सिको असा भटकला. ३१ मार्च १९८४ ला परतला तेव्हा रस्ते माणसांनी फुलले होते. पाचच वर्षांनी गेला, ५२ वर्षांचा.

त्याच पिढीतले दानिएल व्हिग्लिएत्ती आणि ‘लोस ओलिमारेन्योस’ ही जोडगोळी. व्हिग्लिएत्तीचं ‘आ देसालाम्ब्रार’ जमिनीची कुंपणं तोडा म्हणतं, लॅटिन अमेरिकाभर मोर्च्यांत गायलं गेलं. १९७२ मध्ये त्याला अटक झाली, पुढे फ्रान्समध्ये राहिला. ओलिमारेन्योस परतले ते १९८४ मध्ये, भर पावसात सेंतेनारिओ स्टेडियमवर, त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड मिळते. गाण्यापेक्षा गर्दीच जास्त ऐकू येते, पण तीच तर ऐकायची.

बेसुरा
सगळे म्हातारे आणि मेलेले! लोकशाही आली तेव्हा गॅरेजमध्ये कोण होतं? ‘लोस एस्तोमागोस’. काळं, रागीट, तीन सुरांचं पंक. १९८५ मध्ये ‘ग्राफिती’ नावाची संकलित रेकॉर्ड आली, त्या पिढीचं सगळं गाऱ्हाणं तिच्यात आहे. आणि ‘एल क्वार्तेतो दे नोस’. आधी निव्वळ वात्रट होते. १९९६ मध्ये राष्ट्रपुरुष आर्तिगास दारू पिऊन झिंगल्याचं गाणं केलं, देशभर गदारोळ. मग २००६ चा ‘रारो’. त्यातलं ‘या नो से के आसेर कोन्मिगो’ म्हणजे हे करून झालं, तेही करून झालं, आता स्वतःचं काय करू कळत नाही, अशी दम न घेता म्हटलेली जंत्री. गाणारा रोबेर्तो मुस्सो शिक्षणाने इंजिनियर. आपल्यातल्या निम्म्यांना लागू पडेल.

अर्धीचहा
बेसुराशी पहिल्यांदा सहमत.

खुळखुळा
मंडळी, धन्यवाद कमी पडतील. आठवडाभर हेच चालू आहे, घरच्यांनी हेडफोन आणून दिलाय.

अहवाल: क्वारेइमचे ढोल लावले आणि तासभर चक्क हरवलो. मादेरावर पाय ठेवायचं ऐकलं, आणि अचानक सगळं अर्ध्या पावलाने सरकलं. त्यानंतर ओपा लावलं तर बासमध्येही तेच! मातेओ मात्र अजून निसटतोय, तुटक वाटतो. सितार्रोसा वडिलांनी ताब्यात घेतला. ‘ब्रिंदिस पोर पिएरोत’बद्दल ताई, तुमची नोकरी शाबूत आहे. व्हेला प्वेर्का झकास, पण दर गाण्याला उड्या मारायचं वय राहिलं नाही.

दोन प्रश्न. बायका कुठे आहेत या सगळ्यात? आणि द्रेक्सलेरला तुम्ही सगळ्यांनी वाळीत का टाकलंय?

सरगमताई
पहिला प्रश्न रास्त. लाग्रिमा रिओस, १९२४ ते २००६. काळी बाई, टँगो आणि कांदोंबे दोन्ही त्याच अधिकाराने गायली, त्या काळी टँगोच्या जगात हे सोपं नव्हतं. ‘त्राव्हेसिया’ या तिघींच्या गटाचा १९८३ चा अल्बम, निव्वळ आवाजांचे थर. आना प्रादा, ही द्रेक्सलेरची चुलत-मावस यांपैकी कुठलीतरी बहीण, तिचा २००६ चा ‘सोय सोला’. आणि रोचा प्रांताच्या किनाऱ्यावरची जुनी गाणी नव्याने गाणारी फ्लोरेन्सिया नून्येस, २०२०. ढोलातही ‘ला मेलासा’ हे सगळ्या बायकांचं पथक आहे.

दक्षिणवारा
द्रेक्सलेरशी वैर नाही हो. कान-नाक-घशाचा डॉक्टर, १९९५ मध्ये स्पेनला गेला आणि तिथलाच झाला. हुशारी त्याच्यात अपरंपार. २०१७ चा ‘साल्व्हाविदास दे इएलो’ घ्या, त्यातला प्रत्येक आवाज, अगदी तालवाद्यसुद्धा, गिटारीतून काढलाय. पण मातेओ ऐकून मग द्रेक्सलेरकडे या, त्याच्या उजव्या हाताचा गुरू कोण ते कळेल.

मातेओ निसटतोय तर मध्ये फेर्नांदो काब्रेरा ठेवा. ‘एल तिएम्पो एस्ता देस्पुएस’, १९८९. त्याचाही स्वर तुटक, पण ओळ शेवटपर्यंत नेतो. त्या दोघांची १९८७ च्या एकत्र मैफिलीची रेकॉर्डही आहे, तिथून मातेओकडे जाणं सोपं.

पावसाळीबेडूक
धागा उशिरा पाहिला. माझ्या झुंबा वर्गात ‘मारामा’ आणि ‘रोम्बाय’ वाजतात ते उरुग्वेचेच ना?

बेसुरा
हो, तिकडची पॉप कुंबिया, २०१५ च्या आसपास धुमाकूळ होता. लग्नात नाचायला उत्तम, ऐकायला बसू नका.

ताशेकरी
हे ढोल थेट बघायचे तर? तिकीट काढून तिकडे जाणं परवडायचं नाही.

दक्षिणवारा
फेब्रुवारीत दोन रात्री ‘लास शामादास’ असते, पथकांची अधिकृत मिरवणूक, १९५६ पासूनची. बार्रिओ सुर आणि पालेर्मोतल्या इस्ला दे फ्लोरेस रस्त्यावरून जाते. ढोलांच्या पुढे झेंडे, नाचणाऱ्या, म्हातारी आई ‘मामा व्हिएहा’, तिचा वैद्य ‘ग्रामिय्येरो’ आणि झाडू फिरवणारा ‘एस्कोबेरो’. कॅमेरे जास्त वेळ नाचणाऱ्यांवरच असतात, ढोल दिसेपर्यंत धीर धरा. टीव्हीवर थेट दाखवतात, आंतरजालावरही लागते. ते आपल्या साडेआठ तास मागे. तिथे रात्री आठला निघाली की आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, तेव्हा पथकातल्या पोरांना आदल्या रात्री लवकर झोपायला सांगा.